हॉरर दिग्दर्शक हाकेच्या अंतरावर असेल तर: चाहत्यांसाठी कामाच्या गोष्टी

मोठ्या स्टुडिओच्या दिग्दर्शकापर्यंत चाहत्याचा आवाज पोचतच नाही, त्यामुळे त्याच्याशी कसं वागावं हा प्रश्नही फारसा पडत नाही. स्वतंत्रपणे भयपट करणाऱ्यांचं वेगळं असतं. मेलला ते स्वतः उत्तर देतात, शो संपल्यावर दारात उभे राहून तासभर बोलतात, आणि कुणी विचारलंच तर कापलेला हात कशाचा केला होता ते मापासकट सांगून टाकतात. हॉररमध्ये ही रीत जुनी आहे. लॉइड कॉफमन यांनी १९७४ मध्ये ट्रोमा ही स्वस्तात चित्रपट काढणारी कंपनी सुरू केली, आणि कमी पैशांत चित्रपट कसा काढायचा यावर त्यांनी स्वतः पुस्तकंही लिहिली.

पण अशा माणसाकडे ऑफिस नसतं आणि मॅनेजरही नसतो. पटकथा, एडिटिंग, पोस्टर, डिस्कची पार्सलं आणि मेलची उत्तरं हे सगळं दोन-तीन माणसांतच उरकायचं असतं. तुम्हाला दिलेली वीस मिनिटं पुढच्या चित्रपटाच्या कामातून काढलेली असतात. म्हणून चाहता म्हणून काहीही करताना आधी एवढंच बघायचं की यातून त्यांचं काम वाढतंय की हलकं होतंय. खाली जे आहे ते याच हिशेबाने लिहिलंय.

आधी चित्रपट नीट बघा

कमी बजेटच्या भयपटात दोन गोष्टींवर सगळ्यात जास्त जीव ओतलेला असतो: अंधार आणि आवाज. घरच्या टीव्हीवर नेमक्या याच दोन्ही मार खातात आणि मग ‘काही दिसतच नव्हतं’ असा शेरा दिग्दर्शकाच्या नावावर पडतो. त्यामुळे सुरुवात टीव्हीच्या सेटिंगपासून.

मोशन स्मूदिंग बंद करा. कंपनीनुसार त्याचं नाव ट्रूमोशन, मोशनफ्लो असं काहीही असेल. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने घालतो आणि जिन्यावरची सावली टीव्ही मालिकेतल्यासारखी गुळगुळीत सरकायला लागते. पिक्चर मोडमध्ये ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच निवडा, नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’. नॉइज रिडक्शन आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट दोन्ही बंद. पहिलं ग्रेनबरोबर (चित्रावरच्या बारीक दाण्यांबरोबर) भिंतीचा पोतही पुसून टाकतं, दुसरं अंधाऱ्या प्रसंगात उजेड आपोआप वरखाली करत राहतं.

एवढं करूनही काळा रंग राखाडी वाटत असेल, किंवा उलट काळा शर्ट आणि त्यामागची काळी भिंत एकच डाग दिसत असेल, तर बहुधा प्लेअर आणि टीव्ही यांची एचडीएमआय रेंज (केबलमधून जाणाऱ्या चित्राची काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पट्टी) जुळत नाहीये. एकीकडे ‘लिमिटेड’ आणि दुसरीकडे ‘फुल’ असलं की हे होतं. दोन्हीकडे एकच ठेवा. चित्रपटाला नावं ठेवण्याआधी ही एक तपासणी कराच. खोलीत दिवा हवाच असेल तर टीव्हीच्या मागे एक मंद दिवा, पडद्यावर प्रतिबिंब पडणार नाही अशा जागी.

आवाज एखाद्या कुजबुजीच्या प्रसंगावर लावून घ्या आणि नंतर रिमोट बाजूला ठेवा. दचकवणारा आवाज मोठाच असणार, तो तसाच मिक्स केलेला आहे. ‘नाइट मोड’ बंद, कारण तो मोठा आणि लहान आवाज एका पातळीवर आणतो आणि भीतीची सगळी तयारी वाया घालवतो. लॅपटॉपच्या स्पीकरमधून खालचे, घुमणारे सूर जवळजवळ येतच नाहीत. पडद्यावर काहीच घडत नसताना पोटात जो गोळा येतो तो याच सुरांनी, म्हणून लॅपटॉपवर बघायचं असेल तर कान झाकणारा हेडफोन घ्या.

डिस्कवर कॉमेंट्री (चित्रपट चालू असताना त्यावर दिग्दर्शकाने केलेलं बोलणं) असेल तर दुसऱ्यांदा बघताना ती लावा. मोकळ्या स्वभावाचे दिग्दर्शक कॉमेंट्रीत लेन्सपासून भाड्यापर्यंत सगळं सांगतात. तुम्ही विचारणार असलेल्या प्रश्नांतले निम्मे तिथेच सुटतात.

पैसा कोणाच्या हातात पडतो

एकच चित्रपट पाच ठिकाणी मिळत असेल तर पाचही ठिकाणांहून दिग्दर्शकाला सारखंच मिळतं असं नाही. साधारण उतरता क्रम असा: त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घेतलेली डिस्क किंवा फाइल, मग एखाद्या प्लॅटफॉर्मवर विकत किंवा भाड्याने घेतलेली प्रत, मग सबस्क्रिप्शन, मग जाहिरातींसह फुकट. मध्ये वितरक असेल तर त्याचा वाटा आधी कापला जातो, आणि काही करारांत त्याचा खर्च वसूल होईपर्यंत दिग्दर्शकाला काहीच मिळत नाही. म्हणून सरळ विचारावं: ‘कुठून घेतला तर तुमच्यापर्यंत जास्त पोचतं?’ हा प्रश्न कुणाला खटकत नाही. बहुतेकांनी उत्तर आपल्या पानावर आधीच लिहिलेलंही असतं, तिथे आधी बघा.

हक्क हातातून निसटले की काय होतं याचं ठळक उदाहरण हॉररमध्येच आहे. जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ १९६८ मध्ये आला. वितरकाने ऐन वेळी चित्रपटाचं नाव बदललं, आणि नावाची जुनी पाटी काढताना तिच्यावरची कॉपीराइटची ओळही गेली. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ छापणं बंधनकारक होतं. ती नसल्यामुळे चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला, कुणीही प्रती काढून विकू लागलं आणि करणाऱ्यांच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नाही. आज एखाद्या स्वतंत्र भयपटाची चोरीची लिंक ‘जास्त लोकांनी बघावा म्हणून’ पाठवणारा चाहता तेच नुकसान किरकोळीत करत असतो. बेकायदा लिंक दिसली तर तिच्याखाली भांडू नका. लिंकचा पत्ता दिग्दर्शकाला एका ओळीत कळवा, हटवण्याची तक्रार हक्कदारालाच करता येते.

डिस्क दुसऱ्या देशातून मागवताना रीजन, म्हणजे ती जगाच्या कोणत्या भागासाठी आहे, ते बघून घ्या. ब्लू-रेचे रीजन ए, बी, सी असे तीन असतात, आणि चुकीच्या रीजनची डिस्क प्लेअर घेतच नाही. मागवून झाल्यावर ‘चालत नाही’ असा मेल गेला की पार्सल परत घेण्याचा खर्च त्या दोन-तीन माणसांच्याच माथी बसतो.

परीक्षण लिहा, पण कामाचं

छोट्या चित्रपटाला पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आलेली परीक्षणं नंतरच्या ढीगभर कौतुकापेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण तेव्हा त्याच्याबद्दल शोधणाऱ्याला दुसरं काही सापडत नसतं. ऐंशी ते दीडशे शब्द पुरे. त्यात भीती कोणत्या जातीची आहे ते आलं पाहिजे: संथ चढणारी, रक्तबंबाळ, भुताखेतांची की शरीर सडण्या-बदलण्याची. रक्तबंबाळ अपेक्षेने आलेला प्रेक्षक संथ चित्रपटाला एक तारा देऊन जातो. त्याला आधीच सावध केलंत तर चित्रपटाचंही भलं आणि त्याचंही. प्राण्यांना किंवा मुलांना इजा होते का हेही एका ओळीत सांगा.

‘जबरदस्त, अंगावर काटा आला’ हे वाक्य कुठल्याही भयपटाखाली खपतं, म्हणून त्याचा उपयोग शून्य. त्याऐवजी: ‘पहिली चाळीस मिनिटं काहीच घडत नाही, फक्त घरातली दारं मोजली जातात. मग एक दार जास्त निघतं.’ एवढ्यावर माणूस भाड्याचं बटण दाबतो. शेवट मात्र फोडू नका, आणि ‘शेवटी धक्का आहे’ असंही लिहू नका, कारण मग बघणारा तासभर धक्काच शोधत बसतो.

डोळे मिटून दहापैकी दहा देणं टाळा. आयएमडीबी या चित्रपटांच्या वेबसाइटवर सरासरी काढताना सगळी मतं सारख्या वजनाने धरली जात नाहीत, आणि नव्या कोऱ्या खात्यांवरून पडलेला दहांचा पाऊस वाचणाऱ्यालाही बनावट वाटतो. आठ द्या आणि काय जमलं नाही ते लिहा. टॅग करण्याचा नियम सोपा आहे: कौतुक असेल तर टॅग करा, झोडपलं असेल तर करू नका. झोडपायला ना नाही, पण ते प्रेक्षकांसाठी असतं, दिग्दर्शकाच्या फोनवर ते वाजायला नको.

आणि एक वाक्य कायमचं वर्ज्य: ‘बजेटच्या मानाने चांगला आहे.’ तिकीट काढणारा बजेट बघत नाही. ओरेन पेली यांचा ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ (२००७) सुमारे १५,००० डॉलरमध्ये, त्यांच्या स्वतःच्याच घरात झाला आणि जगभर चालला. घाबरलेल्या प्रेक्षकाने त्यात सवलत म्हणून काही दिलं नव्हतं.

मेल कसा लिहावा

विषयाच्या ओळीत नेमकं काय ते लिहा. ‘मोठा चाहता’ हा विषय आठवड्यात अनेकदा येतो. मजकूर दीडशे शब्दांच्या आत आणि प्रश्न एकच. तीन प्रश्न असलेला मेल ‘नंतर सवडीने’ म्हणून बाजूला पडतो आणि तिथेच राहतो. साधारण असा:

विषय: तळघराच्या प्रसंगातल्या भिंतीबद्दल एक प्रश्न

नमस्कार,
तुमचा दुसरा चित्रपट गेल्या आठवड्यात विकत घेऊन दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा कॉमेंट्रीसह. मुलगी दिवा लावते आणि मागची भिंत आधीपेक्षा जवळ आलेली दिसते, तो शॉट डोक्यातून जात नाही. भिंत चाकांवर होती असं तुम्ही कॉमेंट्रीत सांगितलंय, पण तिचा आवाज कसा टाळला ते त्यात आलं नाही. त्या शॉटचा मूळ आवाज काढून टाकला होता का?
उत्तराची घाई नाही.

एवढंच. विकत घेतल्याचा उल्लेख एकदा, ओझरता. मुलगी, दिवा, भिंत या तपशिलातून त्यांना कळतं की समोरच्याने खरंच पाहिलंय, आणि प्रश्न असा आहे की दोन ओळींत उत्तर देता येतं. दोन आठवडे थांबा, मग हवं तर एकदा आठवण करा, त्यानंतर विषय सोडून द्या. मेल, मेसेज आणि कॉमेंट अशा तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न टाकणं म्हणजे दाराची बेल सोडून खिडकी वाजवणं.

स्वतःची पटकथा न विचारता जोडू नका, कथेची कल्पनाही लिहू नका. यात त्यांचा अहंकार नसतो, कायद्याची भीती असते. उद्या त्यांच्या चित्रपटात तुमच्या कल्पनेशी मिळतंजुळतं काही निघालं तर चोरीचा दावा उभा राहू शकतो, म्हणून असा मेल न वाचता उडवण्याचा सल्ला त्यांना मिळालेला असतो. त्यात तुमचा चांगला प्रश्नही वाया जातो. फॅन आर्ट खुशाल पाठवा, मात्र त्याचे टी-शर्ट किंवा प्रिंट विकायचे असतील तर आधी लेखी विचारा. पात्राचे हक्क निर्मात्याकडे, कधीकधी वितरकाकडेही असतात, आणि दिग्दर्शकाने तोंडी ‘हो’ म्हटलं तरी ते पुरत नाही.

समोरासमोर

शोनंतरच्या प्रश्नोत्तरांत प्रश्न वीस सेकंदांत संपला पाहिजे. घरी एकदा मोठ्याने म्हणून बघा. ‘हा प्रश्नापेक्षा माझा अभिप्राय म्हणा’ अशी सुरुवात झाली की सभागृह खुर्चीत सरकतं. बजेट विचारू नका. चित्रपट अजून विकला जायचा असतो, आणि खरा आकडा बाहेर गेला की घेणारा त्यावरून भाव पाडतो. शेवटाचा अर्थही विचारू नका, तो सांगायचा असता तर त्यांनी पडद्यावरच सांगितला असता. एखाद्या निर्णयाबद्दल विचारा: अमुक ठिकाणी आवाज आधी आणि चित्र नंतर का, तमुक प्रसंग एकाच शॉटमध्ये का. अशा प्रश्नावर त्यांचे डोळे चमकतात आणि बाकीच्यांनाही काही शिकायला मिळतं.

सही घ्यायची असेल तर पेन स्वतःचं न्या. भयपटांची कव्हरं हमखास काळी असतात, त्यांवर काळा मार्कर दिसत नाही आणि बॉलपेन गुळगुळीत कागदावर उठत नाही. बारीक टोकाचा चंदेरी पेंट मार्कर लागतो. तो टोपण लावून नीट हलवायचा, मग आणलेल्या रद्दी कागदावर टोक दाबून शाई उतरेपर्यंत रेघोट्या ओढायच्या. हे रांगेत असतानाच उरका, नाहीतर पहिला ठिपका थेंबासारखा फुटतो आणि सही त्याखाली बुडते. डिस्कवरचं प्लास्टिक घरीच फाडा, आतला कागद काढून त्यावर सही घ्या. डबीच्या प्लास्टिकवरची सही हाताळून पुसली जाते. सही झाली की पाच मिनिटं कागद उघडा धरा. लगेच परत सरकवलात तर सही कागद सोडून प्लास्टिकला चिकटेल. एक-दोन वस्तू पुरे. डझनभर वस्तू पुढे केल्या की तुम्ही विकायला आलात असंच वाटतं, आणि ते बरोबरच असतं.

फोटोसाठी कॅमेरा उघडून, फ्लॅश बंद करून तयार राहा. खांद्यावर हात ठेवण्याआधी विचारा.

क्राउडफंडिंग

क्राउडफंडिंग म्हणजे बऱ्याच लोकांकडून थोडे थोडे पैसे ऑनलाइन जमवणं. पैसे उभे करण्याचं माध्यम बदललं, मूळ रीत जुनीच आहे. सॅम रायमी आणि मित्रांनी १९७८ मध्ये अर्ध्या तासाचा छोटा चित्रपट केला, तो गुंतवणूकदारांना दाखवून पैसे जमवले आणि त्यातून १९८१ चा ‘द इव्हिल डेड’ झाला. माइक फ्लॅनगन यांच्या ‘अ‍ॅबसेन्शिया’साठी (२०११) किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या साइटवर चाहत्यांकडून पैसे आले होते. किकस्टार्टरवर ठरलेली रक्कम मुदतीत जमली तरच कार्डमधून पैसे जातात, नाहीतर कुणाचेच जात नाहीत. इतर काही ठिकाणी जमतील तेवढे पैसे निर्मात्याला मिळतात, म्हणजे अर्धेच जमले तरी तुमचे गेलेच. पैसे देण्याआधी यातला कोणता प्रकार आहे ते बघा.

मग शूटिंग झालंय का ते बघा. शूटिंग संपवून रंग, आवाज आणि संगीतासाठी मागितलेले पैसे जास्त सुरक्षित. नुसत्या पोस्टरवर मागितलेले सगळ्यात धोक्याचे. खर्चाची फोड दिलेली हवी, आणि त्यात ध्वनीला वेगळी रक्कम हवी. हॉररमध्ये आवाजाला पैसे ठेवले नसतील तर चित्रपट कुठे अडकणार ते आताच दिसतं.

द्यायचे असतील तर पहिल्या दोन दिवसांत द्या, आकडा सुरुवातीला हलला की अनोळखी लोकही येतात. टी-शर्ट आणि मगच्या पॅकेजमध्ये बरीचशी रक्कम छपाईत आणि टपालात जाते. फक्त डिजिटल प्रत घेतलीत, किंवा बक्षीस नकोच म्हटलंत, तर पडद्यापर्यंत जास्त पोचतं. मोहीम संपल्यावर पत्ता आणि मापाचा फॉर्म येतो, तो त्याच दिवशी भरा. पार्सल न मिळाल्याच्या तक्रारींत न भरलेल्या फॉर्मचा आणि जुन्या पत्त्याचा वाटा मोठा असतो. कार्ड नाकारलं गेलं तर दुरुस्तीसाठी थोडेच दिवस मिळतात, तेव्हा मोहीम संपायच्या सुमारास मेल तपासत राहा. परदेशातून वस्तू येणार असेल तर सीमाशुल्क तुम्हाला भरावं लागू शकतं. त्याचा दोष दिग्दर्शकाला देऊ नका.

चित्रपट ठरलेल्या तारखेला येणार नाही. वर्षभर उशीर या धंद्यात नेहमीचाच. सहा-सहा महिने काहीच न कळवणं मात्र नेहमीचं नाही, आणि तेव्हा सर्वांसमोर, सभ्य शब्दांत विचारायला काहीच हरकत नाही.

सेटवर बोलावलं तर

चाहत्यांना गर्दीत, प्रेतांत किंवा झॉम्बींत उभं करण्याची हौस अशा दिग्दर्शकांना असते, आणि त्यांची ती गरजही असते. जायच्या आधी लेखी विचारा: किती तास, जेवण आहे का, प्रवासखर्च कोणाचा, इजा झाली तर काय. लेटेक्स (रबरासारखा द्रव) किंवा स्पिरिट गम (मेकअपचा डिंक) लावणार असतील तर चोवीस तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघायला मागा. चेहऱ्यावर पुरळ उठल्यावर शूटिंग थांबतं आणि सगळ्यांचा दिवस जातो.

खोटं रक्त बहुधा साखरेच्या पाकासारख्या सिरपमध्ये खाण्याचा रंग घालून केलेलं असतं. (रोमेरोंच्या १९६८ च्या चित्रपटात चॉकलेट सिरप वापरलं होतं, कृष्णधवल असल्याने ते खपून गेलं.) दिव्यांखाली ते सुकून चिकट होतं, केसांना ओढ बसते आणि मुंग्याही येतात. फेकून देता येतील असे कपडे, आतून जुना बनियन, डोळ्यांवर आलेले केस मागे बांधलेले. कपड्यांवरचं थंड पाण्याने धुवा. त्वचेवर राहिलेला लाल रंग साबणाने गेला नाही तर शेव्हिंग फोमने निघतो. चिकटवलेली जखम ओढून काढायची नाही, रिमूव्हर मागायचा.

प्रेत म्हणून पडायचं असेल तर श्वास पूर्ण कोंडू नका. ‘ॲक्शन’च्या आधी एक मोठा श्वास घेऊन अर्धा सोडा आणि मग छातीऐवजी पोटाने, अगदी उथळ श्वास घ्या. सैल कपड्यांत पोट हललेलं दिसत नाही. डोळे उघडे ठेवायचे असतील तर टेकच्या आधी ते घट्ट मिटून ठेवा आणि नजर कॅमेऱ्यापलीकडच्या एका बिंदूवर लावा. किंचाळायचं असेल तर तालमीत अर्ध्याच आवाजात किंचाळा. तिसऱ्या टेकला घसा बसलेल्या माणसाचा चौथ्याला उपयोग नसतो.

दुसऱ्या दिवशीही बोलावलं असेल तर केस कापू नका, दाढी करू नका, नखांचा रंग बदलू नका. सेटवरचा फोटो परवानगीशिवाय टाकू नका. राक्षसाच्या मेकअपचा एक फोटो बाहेर गेला तर पोस्टरपासून ट्रेलरपर्यंतचा सगळा लपंडाव फुकट जातो.

सबटायटल्स

दिग्दर्शकाचं काम खरोखर हलकं करणारी ही मदत. तुमच्या भाषेत सबटायटल्स नसतील तर करून द्यायची तयारी दाखवा, पण आधी विचारून. कदाचित वितरकाने ती करून घेतलीही असतील.

एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ४२ अक्षरं, पडद्यावर किमान एक सेकंद आणि जास्तीत जास्त सहा-सात. फाइल एसआरटी (सबटायटल्सचा साधा फाइल-प्रकार), ती साठवताना अक्षरांचं एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) आधी विचारून घ्या. २५ फ्रेमच्या प्रतीवर लावलेल्या वेळा २३.९७६ च्या प्रतीवर चालवल्या तर फरक सुमारे चार टक्क्यांचा पडतो, म्हणजे नव्वद मिनिटांच्या शेवटी सबटायटल्स जवळजवळ पावणेचार मिनिटं पुढे पळालेली असतात. सुरुवात जुळतेय आणि शेवट जुळत नाही, असं असेल तर कारण बहुधा हेच.

हॉररचे आणखी दोन-तीन सापळे आहेत. पडद्याबाहेरून आवाज येत असेल आणि तो कोणाचा ते प्रेक्षकाला कळायचं नसेल, तर बोलणाऱ्याचं नाव लिहू नका. दचकवण्याच्या क्षणी जे बोललं जातं ते सबटायटल अर्धा सेकंदही आधी येता कामा नये, लांब वाक्य असेल तर ते तोडून दुसरा तुकडा कटनंतर आणा. ‘(दार हळूच उघडतं)’ अशी ध्वनीची सूचना जिथे कान टवकारायला लावायचे आहेत तिथे आधीच टाकली तर प्रसंग मेला. मराठी करताना ‘तू’ आणि ‘तुम्ही’ पहिल्याच प्रसंगात ठरवून घ्या. भूत नायिकेला ‘तुम्ही’ म्हणालं तर लोक हसतील.

किती जवळ जावं

सर्वांसमोर दिलेलं प्रेमळ उत्तर म्हणजे मैत्री झाली असं नव्हे. घरच्यांना शोधून मेसेज करू नका. बरेच स्वतंत्र भयपट दिग्दर्शकाच्या किंवा नातेवाइकांच्या घरात शूट होतात, त्यामुळे खिडकीवरून, जिन्यावरून घर ओळखणं चाहत्याला जमतंही. ओळखलंत तरी ते कुठे लिहू नका, तिथे कुणीतरी राहतं. वाईट परीक्षण लिहिणाऱ्यावर टोळीने तुटून पडू नका, त्याची किंमत पुढच्या वेळी दिग्दर्शकच मोजतो, कारण समीक्षक त्याचा चित्रपट घ्यायचंच टाळतात.

दुसरी बाजूही उघड बोलायला हवी. मोकळेपणाच्या नावाखाली कुणी रात्री एकट्याने ऑडिशनला बोलावत असेल, ‘मेकअप टेस्ट’ म्हणून कमी कपड्यांतले फोटो मागत असेल, खाजगीत उसने पैसे मागत असेल, वर ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणत असेल, तर चित्रपट कितीही थोर असो, तिथून निघा आणि मेसेज जपून ठेवा. नीट चालणाऱ्या छोट्या सेटवरही वेळापत्रक असतं, सहीचा कागद असतो आणि मेलमध्ये दुसरं कुणीतरी असतं.

कच्चा कट पाठवला तर

विश्वास बसला की काही दिग्दर्शक अर्धवट एडिट केलेला चित्रपट निवडक चाहत्यांना दाखवतात. संगीत उसनं असतं, रंग झालेले नसतात, राक्षसाच्या जागी हिरवे मोजे घातलेला माणूस असतो. त्याबद्दल काहीच लिहायचं नाही.

पहिल्यांदा न थांबवता, एका बैठकीत बघा. हातात कागद ठेवा आणि फक्त वेळ व एक शब्द टिपा: ‘३४:१० हसू’, ‘४१:०० कंटाळा’, ‘५२:३० कळलं नाही’, ‘५८:०५ आधीच ओळखलं’. भयपटात नको तिथे आलेलं हसू आणि आधीच ओळखलेला धक्का या दोन नोंदी सोन्यासारख्या असतात, आणि दुसऱ्यांदा बघताना त्या मिळत नाहीत. नंतर प्रत्येक नोंदीपुढे एक वाक्य लिहा. उपाय सुचवू नका. ‘इथे क्लोज-अप घ्या’ म्हणालात तर तो क्लोज-अप कदाचित शूटच झालेला नसेल. ‘चावी कोणाकडे आहे ते मला इथे कळलं नाही’ म्हणालात तर ते तीन प्रसंग आधी एक शॉट दोन सेकंदांनी लांबवतील आणि गाठ सुटेल. आवडलेल्या दोन-तीन जागाही वेळेसकट कळवा, नाहीतर पुढच्या कटमध्ये त्याच कापल्या जातात.

मागितलेल्या तारखेच्या आत पाठवा, कारण आवाजाच्या मिक्सिंगची तारीख एकदा ठरली की त्यानंतर आलेल्या नोंदी कुणी उघडत नाही. लिंकवरच्या चित्रपटावर तुमच्या नावाचा वॉटरमार्क (पुसट शिक्का) असतो, ती लिंक घरातल्या कुणालाही पुढे पाठवू नका. फाइल उतरवून घेतली असेल तर नोंदी पाठवल्या त्याच दिवशी पुसून टाका आणि पुसल्याचं त्याच मेलच्या शेवटी लिहा.